धनकवडीतला गच्चीवरचा फिजिक्सचा क्लास – एका कंडक्टर बापाचा अनुभव

आधीच सांगतो, या क्लासला नाव नाही. दारावर पाटी नाही, रिक्षामागं जाहिरात नाही, चौकात टॉपरांच्या फोटोंचा फ्लेक्स नाही. धनकवडीत, सातारा रस्त्यापासून जरा आत, एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी भरतो. सगळे नुसतं "मॅडमकडं" म्हणतात. मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाल्यात. तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिहा, पण नाव नको हो. आहेत तेवढ्या पोरांनीच गच्ची हलतेय." म्हणून नाव नाही.

मी बसवर कंडक्टर. २२ वर्षं झाली. पुण्याची आणि पिंपरीची बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधी, पीएमटी असताना लागलो. दहावीत विज्ञानात गचकलो होतो, ऑक्टोबरला सुटलो. आता पोरगी दहावीत आहे, मराठी माध्यम. नववीला तिला एका मोठ्या क्लासला घातलं होतं. त्याचं नाव काढत नाही, पण वर्गात ८० पोरं, एसी, मोठा पडदा आणि छापील नोट्स. वर्षभर तिथं बसून न्यूटनचे तिन्ही नियम ती अथर्वशीर्षासारखे म्हणायला लागली. कुठं अडखळणं नाही. म्हणजे काय गं, असं विचारलं की गप्प. मला वाटलं, आपल्याला तरी कुठं कळलं होतं.

मॅडमकडं पहिल्या दिवशी गेलो तर त्यांनी मलाही बसवून घेतलं. पोरीनं शाळेतल्या सवयीनं हाताची घडी घातली. मॅडमनी पहिलं काय केलं असेल तर ती घडी सोडवली. "हाताची घडी, तोंडावर बोट, हे इथं चालत नाही बाळा. हात बांधले की निम्मं डोकं बांधलं जातं." मग विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, वर चाललाय. आता त्याच्यावर बल कुठलं?"

पोरगी म्हणाली, "गुरुत्वाकर्षण." बरोबर उत्तर. मी खूश. पण बोलताना तिचा उजवा तळवा आकाशाकडं वळलेला, आणि तो काहीतरी ढकलत ढकलत छातीपासून पार डोक्याच्या वर गेला. वर जाऊन थबकला, मग पालथा होऊन खाली आला. मॅडम तिच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या, हाताकडं बघत होत्या.

"तोंड एक म्हणतंय, हात दुसरंच. आपण हाताला विचारू." त्यांनी एक लिंबू दिलं. "फेक. आणि जिथं सुटलं तिथंच हात थांबव." चार-पाचदा फेकल्यावर हात हनुवटीपाशी थांबायला लागला. लिंबू वर चाललेलं, हात खाली थांबलेला.

"मग हनुवटीच्या वर कोण ढकलतंय त्याला?"

"कुणीच नाही."

"तरी वर का चाललंय?"

बराच वेळ गेला. पाण्याच्या टाकीवरचं कबुतर उडून गेलं, इतका. मग पोरगी हळूच म्हणाली, "सुटताना वेग होता ना त्याला. तो कमी कमी होतोय." आणि हे म्हणता म्हणता तिनं आपणहून तळवा पालथा केला आणि खाली दाबत नेला. "बल खाली. वर जातानासुद्धा खालीच." ही गोष्ट तिच्या वहीत नववीपासून लिहिलेली होती. हाताला मात्र त्या दिवशी कळली.

घरी येताना मी मनातल्या मनात फी मान्य करून टाकली होती. महिन्याला १,२०० रुपये. मोठ्या क्लासच्या मानानं काहीच नाही.

पुढच्या महिन्यात मॅडमनी आई-बापांना गच्चीवर बोलावून चहा पाजला आणि हे सगळं का करतात ते सांगितलं. शिकागो विद्यापीठात सुसान गोल्डिन-मेडो नावाच्या बाईंनी कित्येक वर्षं माणसांच्या हातवाऱ्यांचाच अभ्यास केलाय. उंच पेल्यातलं पाणी पोरासमोर पसरट भांड्यात ओततात आणि विचारतात, तेवढंच आहे का? पोरगं म्हणतं, नाही, पेल्यात जास्त होतं, उंच होतं म्हणून. पण कधीकधी त्याच वेळी त्याचा हात भांड्याची रुंदी दाखवत असतो. तोंडाला फक्त उंची दिसलेली, हाताला रुंदीही दिसलेली. अशी पोरं समजण्याच्या उंबरठ्यावर असतात, त्यांना जरा शिकवलं की पटकन पुढं जातात. त्यांच्या आणि एका सहकारी बाईंच्या १९९८ च्या अभ्यासात असंही दिसलं की जन्मापासून अंध असलेली पोरंसुद्धा बोलताना हात हलवतात, समोरचाही अंध आहे हे माहीत असताना. म्हणजे हातवारे नुसते समोरच्याला दाखवायला नसतात, आपल्याला विचार करायलाही लागतात. हे मला लगेच पटलं. कानाला मोबाईल लावून "डावीकडं वळ, डावीकडं" म्हणत हवेत हात वळवणारी माणसं मी रोज बघतो.

आता क्लासमध्ये नेमकं काय चालतं ते सांगतो. सगळ्यात भारी मला प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा वाटला. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये सहावा आहे. प्रकाश हवेतून काचेत शिरताना वाकतो, स्तंभिकेकडं (म्हणजे काचेच्या पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेघेकडं) झुकतो. का वाकतो? मी आमच्या वेळी "नियम आहे म्हणून" यावर समाधान मानलं होतं.

मॅडमनी गच्चीवर खडूनं एक लांब रेघ मारली. अलीकडं हवा, पलीकडं काच. सहा पोरं एका ओळीत, कोपरात कोपर अडकवून, ढोल पथकातल्यासारखी. हवेत पूर्ण पाऊल टाकायचं, काचेत अर्धं. ताल एकच. मॅडम टाळी वाजवणार. पहिल्यांदा ओळ रेघेला समांतर उभी केली आणि सरळ चालवली. सगळे एकदम रेघेवर आले, एकदम हळू झाले, ओळ सरळच्या सरळ पुढं गेली. वाकणं वगैरे काही नाही.

मग तिरपं चालवलं. आमची पोरगी कडेला होती, तिचा पाय आधी रेघेपलीकडं पडला. ती अर्ध्या पावलावर आली, बाकीचे पाच अजून पूर्ण पावलं टाकतायत. कोपराला ओढ बसली तशी ती ओरडली, "अरे थांबा की!" पण टाळी चालू. एकेक जण रेघ ओलांडत गेला तशी सगळी ओळ तिच्याभोवती फिरल्यासारखी वळली, आणि शेवटचा पोरगा आत आला तेव्हा ओळीची चालच बदललेली. पावडरीत उमटलेली पावलं मॅडमनी दाखवली (अंगाला लावायची पावडर पसरली होती, सोसायटीच्या सेक्रेटरींनी नंतर त्यावर बोलून घेतलं). रेघेच्या अलीकडं एका दिशेनं, पलीकडं दुसऱ्या. स्तंभिकेकडं झुकलेली.

"आता काचेतून हवेत या," मॅडम म्हणाल्या. पोरांनी न सांगता उलटं केलं. जो आधी बाहेर पडला तो सुटला सुसाट, आणि ओळ उलट्या बाजूला वळली, स्तंभिकेपासून दूर. आमची पोरगी त्या रात्री जेवताना ताटात बोटं चालवत होती. भाताच्या कडेला तर्जनी हळू, मधलं बोट जोरात. आईनं विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, "काच."

ध्वनीच्या धड्याला मी स्वतः कामाला आलो. मॅडमनी पोरं ओळीत खांद्याला खांदा लावून उभी केली आणि शेवटच्याला हलका धक्का दिला. धक्का पार दुसऱ्या टोकाला पोचला, पोरं मात्र जिथल्या तिथं. मी म्हणालो, अहो हे तर आमच्या गाडीत रोज चालतं. स्वारगेटला गाडी भरली की मी मागच्या दारातून "पुढं सरका, पुढं सरका" ओरडतो. एकजण सरकतो, तो पुढच्याला टेकतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि पार ड्रायव्हरच्या मागं उभ्या असलेल्या आजींना धक्का पोचतो. मागचा माणूस तिथवर गेलेला नसतो. मॅडम म्हणाल्या, "अनुतरंग! ज्या दिशेनं कण हलतात त्याच दिशेनं जाणारी लाट. आजपासून तुम्ही व्हिजिटिंग प्रोफेसर." मग पोरांना आधी सैल उभं केलं आणि नंतर एकमेकांना घट्ट आवळून. सैल असताना धक्का रमतगमत गेला, घट्ट असताना ताडकन. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर आणि पोलादात ५,००० मीटरच्या वर का जातो, याचा अंदाज खांद्यातून आला. आकडे पाठ करावे लागतातच, पण आता ते कशाचे आकडे आहेत हे तरी ठाऊक आहे.

जडत्वाच्या दिवशी तर मला मुद्दाम सुट्टी टाकायला लावली. न धरता उभं कसं राहता ते दाखवा, म्हणाल्या. आता ही गोष्ट मी आयुष्यात कुणाला शिकवलेली नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात पैसे, धरायला तिसरा हात आणायचा कुठून? उभा राहिलो तेव्हा माझं मलाच दिसलं की एक पाय पुढं, एक मागं, गुडघे सैल. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा आवाज बदलतो, त्या आवाजावर माझं वजन आपोआप मागच्या पायावर जातं. ब्रेक लागतो तेव्हा गाडीतली सगळी पुढं कोसळतात, मी जागेवर. पोरांनी चाकं लावलेल्या फळीवर एकेकानं उभं राहून हे करून बघितलं. पहिले तिघं तोंडावर पडता पडता वाचले.

मी म्हणालो, ब्रेक लागला की गाडी पुढं ढकलते ना. मॅडम म्हणाल्या, "कोण ढकलतंय? हात लावून दाखवा." शोधलं. मागं कुणीच नव्हतं. गाडी थांबते आणि आपण आपले चालूच राहतो, एवढंच. २२ वर्षं पाय बरोबर करत होते आणि तोंड चूक बोलत होतं. दहावीत गचकलो ते याच धड्यात.

चंद्राचा प्रयोग थोडक्यात. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, मग तो स्वतःभोवती फिरतो की नाही? निम्मी पोरं नाही म्हणाली. मॅडमनी एकाला स्टुलावर पृथ्वी म्हणून बसवलं आणि आमच्या पोरीला त्याला प्रदक्षिणा घालायला लावली, देवळात घालतो तशी, उजवा खांदा देवाकडं. देवाला कायम तिचा उजवा खांदाच दिसला. पण तिचं तोंड आधी बिबवेवाडीकडं, मग कात्रजच्या डोंगराकडं, मग सिंहगडाकडं, मग पर्वतीकडं आणि परत बिबवेवाडीकडं. म्हणजे एका फेरीत स्वतःभोवतीही बरोबर एक गिरकी. चंद्राला या दोन्हीला सुमारे २७.३ दिवस लागतात. एका पोरानं शंका काढली की उत्तर ध्रुवाच्या वरून बघितलं तर चंद्र उलट्या बाजूनं जातो. मॅडमनी त्याला शाबासकी दिली आणि पोरीला डावा खांदा धरून उलटं फिरवलं. पृथ्वी झालेल्या पोरानं तेवढ्यात नमस्कार करून प्रसाद मागितला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शामिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या पोरांबरोबर खगोलशास्त्रासाठी हातवारे रचून असं काम केलंय, २०११ मध्ये त्यावर लेख छापून आलाय, हेही मॅडमनीच सांगितलं. म्हणजे हे खूळ एकट्या बाईंचं नाही.

आता तक्रारी. त्याही आहेत.

पहिली, हात कधीकधी दगा देतात. पहिल्या चाचणीत उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमाचा प्रश्न आला. वाहक म्हणजे वीज वाहणारी तार उजव्या मुठीत धरायची, अंगठा विद्युतधारेच्या दिशेनं, वळलेली बोटं चुंबकीय बलरेषांची दिशा दाखवतात. पोरीच्या उजव्या हातात पेन. पेन खाली ठेवायचा कंटाळा म्हणून तिनं डावा हात वापरला. सगळं उलटं. गुण गेले. त्यात फ्लेमिंगचा नियम आहेच डाव्या हाताचा, तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. दोन नियम, दोन हात, आणि पेपरात वेळ कमी. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, ही चूक जगभर होते म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या प्रश्नाला आधी पेन तोंडात धरायचं असा नियम केला. दिसायला वाईट दिसतं, पण चालतंय.

दुसरी, लिहिण्याचा सराव कमी. बोर्डात गुण कागदावर मिळतात. "शास्त्रीय कारणे लिहा" याचं उत्तर गच्चीवर चालून दाखवता येत नाही. पोरीला सगळं कळतं आणि लिहिताना दोन ओळींत आटपते. त्यासाठी आम्ही घरी वेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो. मॅडमनी याकडं लक्ष द्यायला हवं. सांगितलंय, पण त्या त्यांच्याच धुंदीत असतात.

तिसरी, पोर्शन सोडून भरकटतात. एक रविवार सगळा सायकलच्या चाकावर गेला. फिरतं चाक आसाला धरून तिरकं करायचं. ते हातात जिवंत जनावरासारखं वळवळतं, आपण एकीकडं न्यावं तर ते आडवंच जातं. शिकागोलाच २०१५ मध्ये हा प्रयोग झाला होता म्हणे. ज्यांनी चाकं स्वतः हातात धरली ते पुढं परीक्षेत नुसतं बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले, आणि प्रश्न सोडवताना मेंदूतला हालचालींचा भाग जागा होत होता. सगळं खरं, पण दहावीला हे नाही. पोरं मात्र त्या दिवशी जायला तयार नव्हती. मीही चाक दोनदा धरलं.

चौथी, सगळ्यांना हे मानवत नाही. एक पोरगा आहे, फार लाजरा. चार लोकांत हात हलवायचा म्हटलं की आकसतो. मॅडमनी त्याला टाळ्या वाजवायचं काम दिलंय, पण तो बराच वेळ कठड्याला टेकून उभा असतो. त्याच्या आईला हा क्लास किती उपयोगी पडतोय, ते तिनंच सांगावं.

बाकी उन्हाळ्यात रविवारी साडेनऊनंतर गच्ची तापते, टोपी हवीच. पावसाला सुट्टी. आणि लिफ्टचा विषय आता काढू नका. मॅडमनी वजनकाटा घेऊन पोरांना लिफ्टमध्ये घातलं होतं. वर निघताना काटा पुढं, मध्ये जागेवर, थांबताना मागं. वेग बदलतो, म्हणजे त्वरण असतं, तेव्हाच काटा हलतो. पोरं हे बघायला ११ वेळा वर-खाली गेली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर सुवाच्य अक्षरात पाटी लागली: "लिफ्ट ही प्रयोगशाळा नाही. वजन घरी करावे." सदाशिव पेठेला लाजवेल अशी. खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "घरी त्वरण नसते." अक्षर आमच्या पोरीचं वाटतं, पण मी विचारलेलं नाही.

सहामाहीत तिला विज्ञान १ मध्ये ४० पैकी ३१ पडले. नववीच्या वार्षिकला २२ होते. वाढले ते मॅडममुळं किती आणि घरच्या प्रश्नपत्रिकांमुळं किती, मला सांगता यायचं नाही. पण परवा ती माझ्याच गाडीला होती, पद्मावतीला चढली, मैत्रिणीला कुठलंसं गणित समजावत होती आणि दोन्ही हात हवेत. मी म्हणालो, धर की गं दांडा. म्हणाली, "थांबा पप्पा, ब्रेक लागणारे." गुडघे सैल केले, एक पाय मागं घेतला. लागला ब्रेक. मैत्रीण माझ्या अंगावर, ही जागेवर.

जायचं असेल तर नवीन बॅच जूनमध्ये सुरू होते, १५ पोरांच्या वर घेत नाहीत. आधी पोराला घेऊन जा, एक शनिवार बसवून बघा. चपला तिसऱ्या मजल्यावरच काढायच्या, वर पावडर असते. बसनं आलात तर सुट्टे घेऊन या.